पाव किलो गोश्त, पाच माणसं: रात्रीच्या जेवणाचा हिशोब

महिन्याची वीस तारीख उलटली की आपल्या वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांत गोश्त बंद होतं आणि बटाट्याचं सालन सुरू होतं. मजुरी आठवड्याच्या हप्त्याने मिळत असेल तर हेच चक्र सात दिवसांत फिरतं. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. हातात पैसे असतात, घरात सगळे असतात, म्हणून जुम्म्याला बिर्याणी, शनिवारी खिमा. आणि बुधवार-गुरुवार आला की पातळ वरण नाहीतर चहा-पाव. भिवंडी-इचलकरंजीच्या मजूर वस्त्यांतही चित्र फार वेगळं नाही.

पैसे कमी आहेत हे खरंच. पण आहेत तेही दोन दिवसांत चुलीवर चढतात आणि उरलेले पाच दिवस पोरं नुसत्या पिठावर काढतात, हेही तितकंच खरं. या लेखात आम्ही रात्रीच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत, कारण दुपारी घरातली माणसं विखुरलेली असतात. कुणी कारखान्यात, कुणी शाळेत. इशानंतर दस्तरखान पसरतो तेव्हाच सगळे एकत्र बसतात, आणि खर्चही तिथेच जास्त होतो. भाजी-किराण्याचे भाव रोज बदलतात, गावागणिक बदलतात, म्हणून इथे रुपयांचे आकडे न देता मापं देत आहोत. सगळी मापं दोन मोठी माणसं आणि तीन मुलं अशा घराची आहेत.

बोटी मोजली जाते, डाळ नाही

अर्धा किलो मटणाचं सालन केलं की हंडीत साधारण बारा ते पंधरा बोट्या निघतात. त्या कुणाच्या ताटात जातात? आधी घरातल्या पुरुषांच्या, मग मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या. आई शेवटी बसते आणि हंडी चपातीने पुसून खाते. यात कुणाची दुष्टाई नसते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. रक्त कमी असण्याला कारणं बरीच आहेत, आणि हंडी पुसून जेवणं हे त्यातलं एक नक्कीच आहे.

म्हणून खर्च वाचवणारं जेवण निवडताना आम्ही एकच कसोटी लावतो. ताकद देणारी वस्तू सालनात विरघळलेली आहे की वर तुकड्यांनी तरंगते आहे? दालचा, खिचडा, डाळ-गोश्त, खिमा-मसूर या पदार्थांत गोश्त कमी लागतं आणि डाव फिरवला की सगळ्यांच्या ताटात सारखंच पडतं. बोट्या वेचून काढायला जागाच राहत नाही. हे पदार्थ काही नवे नाहीत. आपल्या नानी-दादी याच पदार्थांवर मोठमोठी कुटुंबं सांभाळत होत्या. मध्ये गोश्त स्वस्त होतं त्या काळात आपण ते मागे टाकले आणि ‘दाल-गोश्त म्हणजे गरिबाचं खाणं’ असं म्हणायला लागलो.

स्वस्त गोश्ताचा तो काळ आता गेला. राज्यात गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच; 2015 मध्ये बैल आणि वळू यांच्यावरही ती आली. म्हशीचं मांस कायद्याने चालतं, पण बऱ्याच गावांत दुकानं कमी झाली, पुरवठ्याचा भरवसा राहिला नाही आणि भाव चढले. ‘मोठ्याचं’ घेणारं घर आता चिकनवर आलंय, आणि चिकनही दर आठवड्याला वेगळ्या भावाने मिळतं. सवय मात्र जुनीच राहिली, अर्धा किलोशिवाय हंडी चढवायची नाही ही.

दालचा

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे औरंगाबाद, नांदेड, परभणीकडच्या शादीच्या जेवणात बगारा खाना आणि दालचा आजही असतो. पण तो शादीसाठीच राखून ठेवायचं कारण नाही. आठवड्यातल्या कामाच्या दिवसासाठी यापेक्षा फायद्याची हंडी आम्हाला माहीत नाही.

हाडांसकट पाव किलो मटण घ्या. चरबी जास्त नको, नळीची हाडं असतील तर उत्तम. 300 ग्रॅम डाळ घ्या, अर्धी चणा, अर्धी तूर. तूर महाग वाटत असेल तर मसूर. चणा डाळ तासभर आधी भिजत घाला. एक मध्यम दुधी, दोन कांदे, दोन टोमॅटो, लिंबाएवढी चिंच, चमचाभर आदरक-लसूण, हळद, लाल तिखट, मीठ एवढं सामान लागतं. कांदा लाल करून त्यात आदरक-लसूण, हळद-तिखट आणि मटण परतायचं, पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या. त्याच कुकरमध्ये वर डब्यात डाळ ठेवली तर गॅस वाचतो. मग डाळ घोटून मटणात मिसळायची, दुधीच्या मोठ्या फोडी आणि टोमॅटो घालून उघड्यावर शिजू द्यायचं. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. चिंच आधी पडली तर डाळ आणि दुधी दोन्ही अडकतात, कितीही शिजवा, कच्चेच लागतात. वरून चमचाभर तेलात जिरं, सुकी मिरची, कढीपत्ता, ठेचलेला लसूण यांचा बघार.

आता हिशोब बघा. 300 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण 65 ते 70 ग्रॅम प्रथिनं असतात. हाडांसकट पाव किलो मटणात त्याच्या निम्मी. म्हणजे हंडीतली बहुतेक ताकद डाळीतून येते, आणि मटण चव देण्याचं काम करतं. ही एक हंडी रात्री भाताबरोबर आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीबरोबर, अशा दोन वेळा निघते. दुधीच्या जागी वांगी, कोहळा, अंबाडी काहीही चालतं. अंबाडी घातली तर चिंच नको, ती स्वतःच आंबट असते. मटण परवडत नसेल त्या आठवड्यात चिकनवाल्याकडून पाठ, मान आणि पंख आणा. बरेच दुकानदार हे वेगळं आणि स्वस्तात देतात, मागावं मात्र लागतं.

पोटा-कलेजीचंही तसंच. कोंबडीची कलेजी लोहाने भरलेली असते आणि मटणाच्या मानाने फार स्वस्त पडते. पंधरा दिवसांतून एकदा कांद्यात परतलेली कलेजी घरातल्या बायका-मुलींनी तरी खायलाच हवी. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण कलेजीत जीवनसत्त्व अ खूप जास्त असतं.

खिचडी, खट्टा आणि थोडासा खिमा

दक्खनी घरांमध्ये हे त्रिकूट नाश्त्याला चालतं. आम्ही ते रात्रीवर आणलं, कारण अर्ध्या तासात होतं आणि पोरं कुरकुर न करता खातात.

खिचडीला तीन वाट्या तांदळाला एक वाटी मसूर डाळ घ्यायची. तांदूळ आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीत जे कमी असतं ते दुसरीतून भरून निघतं, हे आता आहारतज्ज्ञही सांगतात. कांदा, हळद, दोन लवंगा, बस. तेल दोन चमचे पुरे.

खट्ट्याला तर चूलही फारशी लागत नाही. अर्धी वाटी तीळ आणि मूठभर शेंगदाणे कोरडे भाजून बारीक वाटायचे, चिंचेच्या पाण्यात कालवायचे, मीठ, चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची. वर जिरं-सुक्या मिरचीचा बघार. ताकापेक्षा जरासा घट्ट ठेवायचा. तीळ-शेंगदाण्याची ताकद यातून पोटात जाते आणि नुसती खिचडी कोरडी लागत नाही. तीळ संक्रांतीच्या सुमारास सगळेच घेतात, त्यामुळे आधी किंवा नंतर भाव बघून किलोभर भरून ठेवलेले बरे.

खिमा पाव किलोच. त्यात पाऊण वाटी सोयाचा चुरा गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून घाला. पिळायचा आळस केला की वास राहतो आणि मग घरात ‘हे काय घातलंय’ असं विचारलं जातं. चुरा खिम्याबरोबर पहिल्यापासून भाजा, शेवटी टाकू नका. 100 ग्रॅम कोरड्या सोयात साधारण 50 ग्रॅम प्रथिनं असतात. सोया आवडत नसेल तर अर्धवट शिजवलेली मसूर, मटार, किंवा हिवाळ्यात मेथी. बटाट्यानेही खिमा वाढतो, पण फक्त आकाराने. ताकद वाढत नाही. खिमा-आलू चवीला लाख छान असेल, तरी हा फरक लक्षात ठेवावा.

ज्या दिवशी गोश्त नाही

अख्खा मसूर आज सांगली-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवर लोक मुद्दाम गाडी थांबवून खातात. आपल्या घरांतला खडा मसूर त्याच जातीचा. दोन वाट्या मसूर सकाळी भिजत घाला, रात्री कांदा-टोमॅटो-लसणाच्या मसाल्यात तीन शिट्ट्या. पाच माणसं जेवून थोडा उरतोही. वर लिंबू पिळायला विसरू नका. डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. इशानंतर जेवण आणि जेवणानंतर लगेच कडक चहा ही सवय आपल्याकडे फार आहे. चहा निदान तासभर पुढे ढकला.

खागीना म्हणजे अंड्याची भुर्जी, फक्त कांदा जास्त आणि हळुवार शिजवलेला. चार अंडी, चार मोठे कांदे, दोन टोमॅटो. उकडलेली पाच अंडी केली तर प्रत्येकाला एकच येतं आणि कुणी दुसरं मागितलं तर भांडण. खागीना सगळ्यांना पुरतो. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं, तेव्हा बरोबर घट्ट वरण किंवा वाटाण्याची उसळ ठेवावीच.

कोकणातल्या वाचकांना सुकट, जवळा, सुके बोंबील आम्ही काय सांगणार. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळासाठी मे महिन्यातच डबे भरून ठेवायची रीत तिकडे जुनीच आहे. मूठभर जवळा कोरडा भाजून, धुऊन, कांदा-वांग्यात परतला की तांदळाच्या भाकरीबरोबर पाच माणसांचं सालन तयार. घाटावरच्या, मराठवाड्यातल्या घरांनीही हे करून बघायला हरकत नाही. वास येतो म्हणून नाक मुरडू नका. शेजारी तक्रार करतील असं वाटत असेल तर खिडकी उघडी ठेवून भाजा.

बाजार कोण करतं?

इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. बऱ्याच घरांत बाजार करणारा एक आणि रांधणारी दुसरी. घरी चार दिवसांचा बेत ठरलेला असतो आणि मियाँ येताना ‘आज चांगलं दिसलं’ म्हणून किलोभर चिकन घेऊन येतात. बेत मोडला, डाळ भिजून फुगली, दुसऱ्या दिवशी फेकली. आठवड्याची यादी दोघांनी बसून करावी आणि बाजारात जाणाऱ्याने ती पाळावी. शक्य तिथे रांधणारीनेच बाजार करावा, ते जास्त बरं.

सगळ्यात महाग किराणा कुठला असतो माहीत आहे? छोट्या पाकिटातला. तेलाची पाउच, मसाल्याच्या पुड्या, पाव-पाव किलो साखर, गल्लीतल्या दुकानातून वहीवर. दुकानदार अडीनडीला उधार देतो, त्याचे उपकार आहेतच, पण वहीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही. महिन्याचं सगळं एकदम भरणं जमत नसेल तर निदान तीन वस्तू रोख आणि एकगठ्ठा घ्या: तेल, डाळ, कांदा. दोन-तीन घरांनी मिळून मोठ्या बाजारातून पोतं आणलं तर रिक्षाचा खर्चही वाटून जातो. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरतं. पाच जणांच्या घरात त्याहून जास्त संपत असेल तर बाटली थेट कढईत उलटी होते आहे असं समजा. चमच्याने मोजून घालायला लागलात की दोनच आठवड्यांत फरक दिसेल.

रेशनचंही बघून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच नावं असतील तर 25 किलो. मुलांची नावं कार्डावर चढवलेली नसतात, नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं, आधारची केवायसी अडकलेली असते. प्रत्येक सुटलेल्या नावामागे महिन्याला 5 किलो धान्य जातं. उत्तर प्रदेश-बिहारमधून भिवंडी-मुंबईत कामाला आलेल्या भावांनीही गावाकडचं कार्ड इथे चालतं का ते दुकानात अंगठा लावून बघावं, कारण एक देश एक रेशनकार्ड योजना आता सगळ्या राज्यांत लागू आहे.

रेशनच्या तांदळाबद्दल आणखी एक गोष्ट. गेल्या काही वर्षांत त्यात प्लास्टिकचे दाणे असतात अशी अफवा पसरली आणि बायका ते दाणे वेचून फेकायला लागल्या. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून बनवलेले ते दाणे असतात, साधारण शंभर दाण्यांत एक. धुताना वर तरंगतात म्हणून संशय येतो. ज्या घरात आईच्या अंगात रक्त कमी आहे त्याच घरात हे दाणे कचऱ्यात जात होते. घरात कुणाला थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. आणि हा तांदूळ बिर्याणीला चालत नाही म्हणून विकून टाकू नका. खिचडी, खिचडा, दालच्याबरोबरचा भात यांना तो उत्तम.

सुट्टीच्या दिवशी एक तास

कामावरून आठ वाजता आलेल्या बाईला रोज कांदा चिरून, लाल करून, वाटण करून सालन घालायला सांगणं हा जुलूम आहे. दमलेल्या दिवशीच बाहेरचं पार्सल येतं, आणि एका पार्सलच्या पैशांत दालच्याच्या दोन हंड्या होतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी तासभर काढा, पोरांना आणि मियाँलाही लसूण सोलायला बसवा. किलोभर कांदा तेलात गुलाबी करून, त्यात टोमॅटो, आदरक-लसूण, हळद-तिखट घालून तेल सुटेपर्यंत भाजून ठेवायचं. फ्रीजमध्ये हा मसाला पाच दिवस टिकतो. फ्रीज नसेल तर टोमॅटो न घालता कांदा कडक तळून डब्यात ठेवा, आदरक-लसूण मीठ-तेल घालून वाटून ठेवा. मग रोजचं सालन म्हणजे दोन डाव मसाला आणि जे काय शिजवायचं ते.

कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आतलं पाणी उकळायला लागल्यावर मोठ्या आचेने काही लवकर शिजत नाही, फक्त गॅस जळतो. कडधान्य भिजवलेलं असेल तर शिजायचा वेळ जवळपास निम्मा होतो.

उरलेलं, आणि अचानक आलेले

इसराफ म्हणजे उधळपट्टी आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकतो, आणि त्याच दुपारी अर्धी परात बिर्याणी शिळी होते. भात उरला तर तासाभरात थंड करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर कट्ट्यावर नको. उन्हाळ्यात भाताने पोटं बिघडतात ती यामुळेच. शिळ्या चपात्या शोरब्यात चुरून खाणं म्हणजे आपल्या सरीदचाच प्रकार आहे, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. गोड हवं असेल तर गूळ आणि चमचाभर तूप घालून मलीदा करा.

बकरीदनंतर घरी राहिलेल्या हिश्श्याचे पाव-पाव किलोचे पुडे करून गोठवा. एकच मोठा गोळा गोठवला की सगळाच सोडवावा लागतो आणि सगळाच शिजवावा लागतो. असे आठ पुडे असतील तर आठ दालचे झाले.

राहिले मेहमान. ऐन जेवणाच्या वेळी दोन माणसं वाढली की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. बोट्यांच्या सालनात खरंच अडचण होते, डाळीच्या हंडीत होत नाही. शोरबा करताना पाणी वाढवावं आणि शेजाऱ्याचीही आठवण ठेवावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत अबू जर (रजि.) यांच्या रिवायतीने सहीह मुस्लिममध्ये आली आहे. दालच्यात दोन वाट्या गरम पाणी, थोडं मीठ आणि चिंचेचा चमचाभर कोळ वाढवा, पुन्हा एक उकळी येऊ द्या, बघार ताजा द्या. तोवर दुसऱ्या शेगडीवर तीन अंड्यांचा खागीना होतो.